ड्रमचा टेकू

आमचा मेटल बँड भाड्याच्या हॉलमध्ये वाजवायचा तेव्हा गुळगुळीत फरशीवर माझा मोठा ड्रम दर ठोक्याला पुढे सरकायचा. म्हणून आत्या त्याला पाठ लावून बसायची. कानात कापूस, हातात विणकाम. समोर पोरं नाचताना एकमेकांवर आदळायची, ही टाके मोजायची. “फुकटात पाठ रगडून मिळते गं,” म्हणायची. काल पहिल्यांदाच क्लब मिळाला. उंच स्टेज, ड्रमखाली जाड गालिचा. “इथं काही सरकत नाही, काकू. तुम्ही आरामात बसा,” साउंडवाला म्हणाला. आत्या खाली, पोरांच्या मागे खुर्चीवर बसली, विणकाम पिशवीतच. पहिल्या गाण्यातच माझा ताल चुकला. गाणं संपताच आम्ही ड्रम उचलून गालिचा काढला. मी माइकवर ओरडले, “आत्या, ड्रम सरकतोय!” पोरांना कोपराने सारत ती स्टेजवर चढली. पाठ टेकवून, लोकर काढत साउंडवाल्याला म्हणाली, “तरी म्हटलं, माझ्यावाचून यांचं भागतंय कसं!”