भाकरीचा डबा

साखर वाढली म्हणून डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं, तशी फातिमाबी सकाळीच जळकोटच्या रस्त्यानं निघाली.

"चाची, कुठं निघालाव?" पारावरून कुणीतरी विचारलं.

"चालायला."

"आन् काम काय?"

सगळे हसले. ती माघारी फिरली. घरी लेक मुनवर म्हणाला, "अम्मी, लोक हसायलेत. अंगणातच फिर की."

दुसऱ्या दिवशी तिनं फळीवरचा रिकामा डबा फडक्यात बांधला.

"चाची, आज कुठं?"

"शेतात. मुनवरच्या अब्बांना भाकरी द्यायला."

मुनवरच्या अब्बांना दफन करून वर्ष होत आलं होतं.

"येड लागलं बिचारीला," मागून आवाज आला. ती चालत राहिली.

आता तिला कुणी अडवत नाही. साखरही उतरली आहे.