अक्काची सोबत

शैलजाचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. आता केमो सुरू होणार, म्हणून सोबतीला तिची थोरली बहीण कराडहून आली. अक्काला हाच आजार पूर्वी होऊन गेला होता. तेव्हा घेतलेल्या केमोने तिच्या बोटांना आलेला बधिरपणा अजून गेला नव्हता.

डॉक्टर शैलजाला म्हणाले, "काढलेल्या गाठीच्या जनुकांची तपासणी केली. आजार उलटण्याचा धोका कमी आहे. तुम्हाला केमो नको, गोळ्या पुरतील."

शैलजाला हसू फुटलं, पण अक्का खाली मान घालून बसलेली पाहून तिने ते आवरलं.

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "अक्का, तुझ्या वेळी ही तपासणी असती तर तुझंही कदाचित..."

"तेच मनात आलं. वाईट वाटलं गं, खोटं कशाला बोलू?" अक्काने डोळे पुसले. "पण तुला ते सगळं सोसताना बघायची माझ्यात ताकद नव्हती. सुटले मी."

परतीच्या एसटीत अक्काला डुलकी लागली. शैलजाने ऑपरेशनच्या बाजूचा दुखरा हात सांभाळत दुसरा खांदा तिच्या डोक्याखाली दिला आणि गाव येईपर्यंत ती जराही हलली नाही.