तळ्याकाठी जागा नाही

“नाव काय म्हणालात?” तळ्याकाठच्या, गाड्यांना मुक्कामाची जागा देणाऱ्या कॅम्पच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं.

“हाउगन. व्हर्लिन हाउगन. आमचं मोटरहोम जरा मोठं आहे, चाळीस फूट. पण आठवडाभर कुठल्याही कोपऱ्यात उभं केलं तरी चालेल.”

बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. “अरेरे, एकही जागा नाही हो,” ती म्हणाली आणि एक पुठ्ठ्याची डिश पुढे सरकवली. “लिंबाच्या वड्या आहेत. आजच केल्यात. घेऊन जा.”

व्हर्लिननं रिवाजाप्रमाणे दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा डिश घेतली. आमच्या मिनेसोटात पहिल्याच झटक्याला हो म्हणणारा माणूस अधाशी समजला जातो. विचारणाऱ्यालाही दोन नकार गिळावे लागतात, म्हणून पुष्कळ लोक विचारायच्या भानगडीतच पडत नाहीत.

गाडीत बसलेल्या आर्डिसनं नवऱ्याच्या हातातली डिश पाहिली. “म्हणजे नाहीच,” ती म्हणाली.

शेत पुतण्याच्या हवाली केल्यावर व्हर्लिननं ही चाकांवरच्या घरासारखी गाडी घेतली होती. दुकानातली सगळ्यांत लांब, कारण नातींना तिच्यात झोपता यायला हवं होतं. मुलगी ब्रिटा आणि जावई डॅरिल याच तळ्याच्या काठी राहत. पण मागच्या उन्हाळ्यात गाडीला जागा मिळाली ती तासाभराच्या अंतरावर. पोरी जेवायला यायच्या, पाहुण्यांसारख्या नीट बसायच्या आणि निघून जायच्या. आर्डिसचं मागणं फार नव्हतं. सकाळी डोळे चोळत उठलेल्या पोरींनी अनवाणी धावत आपल्याकडे यावं, एवढंच. त्यासाठी तळ्याकाठचीच जागा हवी होती, आणि इकडे उन्हाळ्याच्या जागा बर्फ असतानाच भरतात. म्हणून दोघांनी नाताळापासून फोन केले होते. सगळीकडून एकच उत्तर आलं. शेवटी, ऐनवेळी कुणाचं तरी रद्द होईल या आशेवर ती दोघं गाडी घेऊन निघाली होती.

मुलीच्याच आवारात गाडी लावावी, तर तिथे पाइनची दाट झाडी. आणि जावयाला विचारणार कोण? डॅरिल म्हणजे मुखदुर्बळ माणूस. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा “बरीच लांब आहे” एवढं म्हणाला आणि आत निघून गेला. तेवढ्यावरून आर्डिसनं ताडलं की आपलं येणं त्याला जड जातं. तिच्या मनाला ते फार लागलं होतं.

दुसऱ्या कॅम्पचा मालक गळ टाकून धक्क्यावर बसला होता. त्यानं नाव ऐकलं आणि मान हलवली.

“ती जागा मोकळी दिसतेय ना?” व्हर्लिननं बोट दाखवलं.

“ती कुणीतरी घेतलीय.”

“आणि तिच्या पलीकडची?”

“तीपण.”

“तिथे तर गुडघाभर गवत वाढलंय.”

“हो ना,” म्हातारा गळाकडे बघत म्हणाला. “हल्ली लोक फार उशिरा येतात.”

तिसऱ्या ठिकाणी खिडकीत एक तरुण मुलगी होती. हाउगन म्हटल्याबरोबर तिनं तोंडावर हात दाबला आणि ती आत पळाली. आतून हसण्याचा आवाज आला.

“झालं समाधान?” गाडीत आर्डिस कडाडली. “आता लोक तोंडावर हसतायत. दारात हत्ती आणून बांधलास, आणि आता त्याच्यासाठी गोठा शोधत फिरतोयस. छोटी घे म्हणत होते मी.”

“छोटीत पोरी कुठे झोपल्या असत्या?”

“आता तरी कुठे झोपणार आहेत?”

व्हर्लिननं वड्यांची डिश तिच्यापुढे धरली. दोघांनी मिळून सगळ्या वड्या संपवल्या. मग आर्डिसनं मुलीला फोन लावला.

“ब्रिटा, नाही जमत गं. आम्ही आपले घरी जातो. रविवारी छोट्या गाडीनं येऊ जेवायला, तुम्हाला चालणार असेल तर. म्हणजे त्रास नसेल तर.”

“आई, एक मिनिट थांब. हा बोलतोय.”

डॅरिलचा आवाज आला. “इकडे या. मागच्या रस्त्यानं. पुढून वळणार नाही.” आणि फोन बंद झाला.

मागच्या रस्त्यानं वळल्यावर व्हर्लिननं ब्रेक दाबला. पाइनच्या झाडीत एक लांबलचक मोकळा पट्टा होता. त्यावर खडी पसरून, रोलर फिरवून जमीन सपाट केलेली. एका बाजूला विजेचा खांब, शेजारी पाण्याचा नळ. समोर झाडांच्या फटीतून तळं चमकत होतं. व्हर्लिननं गाडी आत घातली ती एकदाही मागेपुढे न करता नेमकी बसली. इंजिन बंद व्हायच्या आत दोन्ही पोरी दारावर धडका देऊ लागल्या, आणि आर्डिस खाली उतरली ती सरळ त्यांच्या मिठीत. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि ते लपवायचं तिला सुचलंसुद्धा नाही.

व्हर्लिन खडीवर बूट आपटत जावयापाशी गेला. “कधी केलंस रे हे?”

“मागच्या वर्षी. बर्फ पडायच्या आधी.”

“मग सांगायचं नाही का, बाबा?”

डॅरिलनं बुटाच्या टोकानं खडी सारखी केली. “तुम्ही नको म्हणाला असता,” तो म्हणाला.

ते खरंच होतं. दोघांनीही म्हटलं असतं, आणि एकदा नव्हे.

“आणि समजा, आम्हाला दुसरीकडे कुठे जागा मिळाली असती तर?”

“मिळणार कशी?” डॅरिल म्हणाला. “तुम्हाला देऊ नका म्हणून तळ्याभोवतीच्या सगळ्या कॅम्पवाल्यांना मी तेव्हाच सांगून आलो होतो.”