अंगावरचा गाऊन

मावसबहिणीच्या लग्नाहून परतलेली स्नेहल दारातच थबकली. निहार चक्क शेवंतामावशींच्या हातून मऊ भात खात होता. आणि मावशींनी साडीवर चढवला होता तो स्नेहलचा जुना गाऊन.

डोळ्यांना न दिसणाऱ्या, कानांना ऐकू न येणाऱ्या तिच्या या मुलाला सांभाळायला आलेल्या आधीच्या बायका दुपारपर्यंतही टिकल्या नव्हत्या. "माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खातच नाही हो," अशी तक्रार स्नेहल सगळ्यांकडे करायची. त्या तक्रारीत केवढा तोरा होता, ते तिला आत्ता कळलं. या बाईने पहिल्याच दिवशी पोरगाही घेतला आणि कपाटही.

ती त्याला जवळ घ्यायला वाकली. गजऱ्याचा आणि अत्तराचा वास येताच निहारने तिला ढकललं आणि मावशींच्या कुशीत तोंड खुपसलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"मावशी, उद्यापासून..."

"रागावू नका ताई," मावशी ओशाळून म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी होतं लेकरू. धुवायच्या कपड्यांत हा सापडला, तुमचा वास होता त्याला. घातला तेव्हा कुठे तोंड उघडलं. त्याला वाटतंय, तुम्हीच भरवताय."

स्नेहलने केसांतला गजरा काढून बाजूला ठेवला.

पुढच्या रविवारी बाहेर पडताना तिने रात्रभर घातलेला गाऊन, न धुता, घडी करून मावशींच्या हातात ठेवला.