गोजराबाईंचा लसुन

दुपारी लग्नघरी चटणी पोचवायची होती, आणि गोजराबाईंच्या कारखान्यातला संगणक सकाळपासून उघडत नव्हता. चटणीचं प्रमाण त्याच्यातच कुलूपबंद होतं. ते मिळाल्याशिवाय कांडपयंत्र हलत नसे.

"राखणदार तुम्हाला परकं समजतोय, आत्याबाई," सून वैजू म्हणाली. पासवर्ड केव्हाच मोडीत निघाले होते. आता संगणकातला राखणदार प्रत्येकाला त्याच्या लिहिण्यावरून ओळखायचा.

"आज तर मी शुद्ध लिवलं की," गोजराबाई म्हणाल्या. "'आज लसूण सोलायचा आहे.' न आणि ण कालच तू घोटवून घेतलंस न्हवं?"

वैजूनं कपाळावर हात मारला. "मीच घोळ केला. गेल्या महिन्यात चोरट्यांनी तुमच्या नावानं असंच शुद्ध लिहिलं होतं. म्हणून तर ते बाहेर राहिले."

गोजराबाईंना हसू फुटलं. साठीनंतर पाटी धरलेल्या बोटांनी त्यांनी एकेक अक्षर दाबलं: 'आज लसुन सोलायचा हाय.'

पडद्यावर उमटलं: 'या, गोजराबाई.'

"मास्तरीणबाई, तुझी शाळा आता घरी," त्या म्हणाल्या. "हितं मला अडाणीच ऱ्हाऊ दे."

कांडपयंत्र धडधडलं, मिरचीची पूड उडाली आणि सगळा कारखाना हसत हसत शिंकू लागला.