आबांचा शेरा

सकाळचा दुसरा चहा झाला तरी आतल्या खोलीतून हाक आली नाही. प्रफुल्लने पेपर बाजूला ठेवला. एव्हाना आबांची आरोळी यायला हवी होती, "प्रफुल्ल, पळत ये, हे बघ काय!" आणि आपण काहीच माहीत नसल्यासारखं धावत जायला हवं होतं. ओट्याशी उभ्या असलेल्या त्याच्या आईने, विमलाबाईंनीही गॅस बारीक करून कान टवकारले होते.

आबा, म्हणजे प्रफुल्लचे वडील जयराम पगारे, सटाण्याच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. निवृत्त होऊन नाशिकरोडला मुलाकडे आले, आणि वर्षा-दोन वर्षांत डोक्यात कालचा दिवस टिकेनासा झाला. जुनं सगळं लख्ख, ताजं मात्र रात्रीच्या झोपेत पुसून जायचं. डॉक्टरांनी मायलेकांना बाजूला घेऊन हे सांगितलं. मायलेकांनी ठरवलं, आबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ज्या माणसाची अख्खी ऐट आपल्या डोक्यावर होती, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

प्रफुल्लचा नाद वेगळाच होता. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून तो गणिताची मोफत सॉफ्टवेअरं गोळा करायचा, कुणीही घ्यावीत, बदलावीत, वाटावीत अशी. ती सगळी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका हलक्याशा आवृत्तीत बसवून पेनड्राइव्हवर उतरवायचा. शाळांमध्ये धूळ खात पडलेले कॉम्प्युटरही त्यावर चालत. पेनड्राइव्ह लावून चालू केलं की सगळं हजर, बंद केलं की सगळं साफ. पोरांनी कितीही धुडगूस घातला तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

घरचा रिवाज एकच. नवी आवृत्ती आधी आबांच्या हातात जायची, ते 'पास' म्हणाले की मग शाळांकडे. म्हणून आबा रोज सकाळी कॉम्प्युटरवर बसत. त्रिकोण काढत, माऊसने त्याचा एक कोपरा ओढत आणि बघत राहत. कोन बदलत, पण बेरीज एकशे ऐंशीच. "अरे, उभा जन्म मी कागदाचे कोपरे फाडून हे शिकवलं!" ते म्हणत. रोज तोच आनंद, तितकाच ताजा. प्रफुल्लही रोज थक्क व्हायचा. सुरुवातीला ते सोंग होतं. पुढे पुढे त्या हाकेशिवाय त्यालाच दिवस उजाडल्यासारखा वाटेना.

मग पिंपळगावच्या शाळेतून राखी मॅडमचा फोन आला. "सर, बाकी झकास आहे हो. पण मुलांनी केलेलं सगळं बंद केल्यावर जातं. फार हिरमुसतात बिचारी. राहील असं काही करता येईल का?"

म्हणणं रास्त होतं. प्रफुल्लने पेनड्राइव्हवरच जागा राखून ठेवली. केलेलं काम तारखेसह आपोआप साठेल अशी सोय केली आणि पडद्यावर 'माझं काम' नावाचा कप्पा दिला. रिवाजाप्रमाणे नवी आवृत्ती आधी आबांना दिली. शाळेतल्या पोरांचा विचार त्याने केला, घरातल्या माणसाचा करायचा राहून गेला. आठवडाभर आबांची नजर त्या कप्प्यावर पडली नव्हती, एवढंच नशीब.

आता प्रफुल्ल खोलीच्या दारात आला आणि तिथेच थबकला. पडद्यावर त्रिकोणच त्रिकोण होते. एकाखाली कालची तारीख, दुसऱ्याखाली परवाची, तिसऱ्याखाली त्याच्या आदल्या दिवशीची. आणि प्रत्येकाखाली मास्तरकीच्या सवयीने आबांनी टाइप केलेला शेरा, शब्दसुद्धा तेच: 'आज हे प्रथमच पाहिले. पोराने नाव काढले.'

"हे सगळं मीच लिहिलंय?" आबांनी मान न वळवता विचारलं.

"नाही... म्हणजे, कॉम्प्युटरची काहीतरी गडबड असेल, आबा. एकाच फाइलच्या कॉप्या झाल्या असतील."

"प्रत्येक त्रिकोण वेगळा आहे." मास्तरांना बनवणं सोपं नव्हतं. "मग मी रोज तुला हाक मारायचो, आणि तू धावत यायचास?"

"यायचो, आबा."

विमलाबाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर आबांना पुढचं काही विचारावं लागलं नाही. ते एकेक शेरा पुन्हा वाचत गेले. रडले नाहीत. मग म्हणाले, "ही साठवायची सोय काढून टाक. पहिल्यासारखं कर."

"राहू द्या ना आबा, तुमच्या हातचं आहे ते." प्रफुल्ल म्हणाला. त्याला वाटलं, आबांना लाज वाटतेय. "आता तुम्हाला कळलंच आहे. मग लपवायचं कशासाठी, आणि कुणापासून?"

आबांनी त्याला जवळ बसवलं. न सुटलेलं उदाहरण पोराला समजावून सांगावं, तशा आवाजात ते म्हणाले,

"आज कळलं, प्रफुल्ल. पण उद्या सकाळी मी हा कप्पा पुन्हा उघडणार, आणि मला हे पुन्हा पहिल्यांदाच कळणार."