चौथं नाव

तंजावरच्या घरी भरदुपारी हरिप्रिया आईचं जुनं रेकॉर्डिंग ऐकत बसली होती. अळंब्यांबद्दलची जुन्या माणसांची माहिती सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये भरायचं काम तिच्याकडे होतं. माहिती सांगणारी कमलाक्षी, म्हणजे तिची आई, जाऊन चार वर्षं झाली होती.

रेकॉर्डिंगमध्ये आई तिरुवैयारूजवळच्या एका वारुळापाशी अळंबी खुडत होती. घरचा रिवाज असा, की प्रत्येक अळंबं खुडताना ते खाणाऱ्याचं नाव घ्यायचं.

देठ मोडल्याचा बारीक आवाज आला. "अप्पाजी." पुन्हा तोच आवाज. "मुरली." पुन्हा. "हरिप्रिया."

रेकॉर्डिंग इथेच संपायचं. तिला ते तोंडपाठ होतं.

आज चौथा देठ मोडला.

"नित्या."

शेजारच्या खोलीत झोपलेली तिची लेक नित्या जेमतेम दोन वर्षांची होती. आजीने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

हरिप्रियाचा हात रेकॉर्डिंग बंद करायच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. किती दिवसांनी आई काहीतरी नवीन बोलली होती!

"आई," ती वाकून हळूच म्हणाली, "एक तुझ्यासाठीही खुड ना."

रेकॉर्डिंगमधली पाचोळ्याची सळसळ थांबली.

"नको गे," आई म्हणाली, "मला इथं पुष्कळ आहेत."